किलिमांजारो, माचामे मार्ग: उतराईची तयारी करून जा

आम्हाला टांझानियातल्या किलिमांजारोवर नेणाऱ्या कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत शिखराच्या दिवसाबद्दल अडीच ओळी होत्या. दोन ओळी चढाईच्या: मध्यरात्री निघणे, उहुरू या सर्वोच्च टोकावर पोचणे, सूर्योदय, फोटो. उरलेली अर्धी ओळ अशी: 'नंतर म्वेका कॅम्पला उतरणे.' या अर्ध्या ओळीत जवळपास २,८०० मीटरची उतराई आहे. ५,८९५ मीटरवरून ३,१०० मीटरपर्यंत, एकाच दिवसात, रात्रभर चालून झाल्यावर, पोटात धड काही नसताना. बारी गावातून कळसूबाई करणाऱ्यांना साधारण नऊशे मीटर चढणं-उतरणं म्हणजे काय ते माहीत असतं. तशा तीन उतराया एकापुढे एक लावा: पहिलीत घसारा, दुसरीत सुटे दगड, तिसरीत पायऱ्यांची वाट. मग थोडाफार अंदाज येईल. पुण्याहून निघण्याआधी याबद्दल आम्हाला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. कंपनीने नाही आणि जाऊन आलेल्यांनीही नाही. जाऊन आलेला प्रत्येक जण शिखराबद्दलच बोलतो, म्हणून हे लिहिते आहे.

वाचणारा नियमित ट्रेक करतो, सॅक घेऊन सात-आठ तास चालू शकतो आणि बूट, हेडलॅम्प, थर्मल वगैरे त्याच्याकडे आहे असं धरून चालते. नसेल तर आधी एक वर्ष सह्याद्रीत फिरा, मग पुढचं वाचा.

आधी मार्ग निवडण्याबद्दल, कारण निम्मी चूक तिथेच होते. माचामे मार्गाचे सहा दिवसांचे आणि सात दिवसांचे असे दोन कार्यक्रम विकले जातात. सहा दिवसांचा घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. त्यात सकाळी बारांको कॅम्प सोडायचा, करांगाला नुसतं जेवायचं, संध्याकाळपर्यंत ४,६७० मीटरच्या बाराफू कॅम्पला पोचायचं आणि चार-पाच तास पडून त्याच रात्री शिखरासाठी उठायचं. सात दिवसांच्या कार्यक्रमात करांगाला, चार हजार मीटरवर, एक मुक्काम मिळतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणालाच बाराफू येतं. त्या एका जादा दिवसाची पार्कची फी करासकट १४० डॉलरच्या आसपास होते. अख्ख्या सहलीवर अडीच-तीन लाख रुपये घालायचे आणि इथे बारा हजार वाचवायचे, हा हिशोब मला पटत नाही. गाईडने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं की वरून आजारी होऊन परतणाऱ्यांत त्याला घाईच्या कार्यक्रमाची माणसं जास्त भेटतात. बाराफूला शेजारच्या तंबूत सहा दिवसांवाले होते. त्यांची तोंडं पाहून माझी खात्री पटली.

सुट्टी आणि पैसे दोन्ही असतील तर पश्चिमेकडून शिरा पठारावरून येणारा आठ दिवसांचा लेमोशो मार्ग घ्या, माचामेपेक्षा तो सरस आहे. पण उतराई तीच, म्वेकाची. मारांगू मार्गावर तंबूंऐवजी लाकडी झोपड्यांत झोपायला मिळतं, म्हणून लोक त्याला सोपा समजतात. त्याचा पाच दिवसांचा कार्यक्रम तर मुळीच घेऊ नका. शरीराला उंचीची सवय व्हायला त्यात वेळच नाही. गुडघे आधीपासून कुरकुरत असतील तर उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून चढणारा रोंगाई मार्ग धरा. तो मारांगूच्या वाटेने उतरतो आणि शिखराच्या दिवशी ३,७२० मीटरच्या होरोम्बोला थांबतो. म्हणजे त्या दिवसाची उतराई सहाशे मीटरनी कमी. हे मला आधी माहीत असतं तर मी रोंगाईच निवडला असता.

आता उंची. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. माचामे गेट, जिथे नाव नोंदवून पहिलं पाऊल टाकायचं, ते १,८०० मीटरच्या आसपास. आपल्या महाराष्ट्रातला सर्वात उंच डोंगर जिथे संपतो त्याच्या वर हा सुरू होतो. सह्याद्रीत कमावलेला दमसास पहिले दोन दिवस भरपूर कामाला येतो आणि चार हजार मीटरनंतर त्याचा उपयोग कमी कमी होत जातो. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्मा. त्याची सवय व्हायला लागतो तो वेळ. तिथे व्यायाम कामाला येत नाही. आमच्यातला सगळ्यात तगडा, आठवड्याला तीनदा सिंहगड करणारा मावसभाऊ पहिल्या दिवशी पोर्टर लोकांबरोबर पुढे पळत होता. लाव्हा टॉवरला उलट्या त्यालाच झाल्या. गाईड 'पोले पोले' म्हणतो तेव्हा खरोखरच इतकं हळू चाला की नाकाने श्वास घेत गप्पा मारता आल्या पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी ४,६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवून परत ३,९६० मीटरच्या बारांकोला झोपायला आणतात. उंच चढा, खाली झोपा, हे तत्त्व. बरेच जण डोकं दुखतंय म्हणून खालच्या वाटेने टॉवर टाळायची गळ घालतात. हलकी डोकेदुखी असेल आणि गाईडची ना नसेल तर टाळू नका. शिखराच्या रात्री जे काही बळ उरतं ते या दिवसाचं असतं. रोज संध्याकाळी गाईड बोटाला ऑक्सिमीटर लावतो, डोकं दुखतं का, मळमळतं का विचारतो. तिथे खोटं सांगू नका. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. आणि विमा घेताना सहा हजार मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा स्पष्ट उल्लेख पॉलिसीत आहे का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात तो नसतो.

पहिले चार दिवस सुंदर आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवशी दाट पावसाळी जंगल, शेवाळलेली झाडं, निळी माकडं. दुसऱ्या दिवशी झाडं खुजी होत जातात आणि शिरा कॅम्पला पांढऱ्या मानेचे जाडजूड कावळे भेटतात. खाण्याचं काही तंबूबाहेर ठेवलं की गेलंच. बारांकोच्या दरीत सेनेसिओची पुरुषभर आणि त्याहून उंच झाडं आहेत. वाळलेली पानं ती गाळत नाहीत, खोडाभोवती तशीच गुंडाळून ठेवतात. रात्री गोठवणाऱ्या थंडीत तेच त्यांचं पांघरूण. शेजारी मोठा लोबेलिया असतो, तो रात्री पानं मिटून आतला कोंब जपतो. दिवसा ऊन आणि रोज रात्री हिवाळा अशा ठिकाणी जगायची ही रीत मी तिथे तासभर पाहत बसले होते. ज्यांना झाडापेक्षा प्राणी हवे असतात त्यांनी या डोंगरावर फार अपेक्षा ठेवू नये. कॅम्पवरचे पट्टेदार उंदीर मात्र सगळ्यांना भेटतात.

बारांको वॉलची भीती घालून ठेवली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा. अडीचशे मीटरची कातळवाट, मधे मधे हात टेकावे लागतात, एका ठिकाणी दगडाला छाती लावून सरकायचं. ज्याने अलंग-मदन केले आहेत त्याला हा मजेचा टप्पा वाटेल. काठ्या सॅकला बांधून टाका, हात मोकळे ठेवा आणि सकाळी लवकर निघा, नाहीतर रांगेत थंडीत उभं राहावं लागतं. भीती खर्च करायची असेल तर पुढच्यासाठी राखून ठेवा.

बाराफूहून रात्री अकरा-बाराच्या सुमारास निघतात. विवराच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटपर्यंत अकराशे मीटरची उभी चढण, वळणावळणांची, पुढच्या माणसाच्या टाचेवर हेडलॅम्पचा उजेड ठेवून. थंडी शून्याखाली दहा-पंधरा अंश, वारा असला की त्याहून बोचरी. पिण्याच्या पाण्याची नळी असलेली पिशवी त्या रात्री निरुपयोगी, नळीतलं पाणी गोठतं. थर्मासमध्ये गरम पाणी घ्या, बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही. फोन आणि कॅमेऱ्याची बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात. खायला चिक्की नेली होती, ती इतकी कडक झाली की दात लागेना. राजगिऱ्याचा लाडू आणि मनुका चालतात. थांबायचं ते दोन मिनिटं, बसायचं नाही, बसलं की झोप येते.

साडेपाच-सहाला पूर्वेला मावेन्झीच्या दातेरी सुळक्यांमागे तांबडं फुटलं आणि त्याच उजेडात स्टेला पॉइंट दिसला. तिथून विवराच्या कडेकडेने पाऊण तासात उहुरू. डाव्या हाताला हिमनद्यांच्या उभ्या भिंती. त्यातली एक रेबमानच्या नावाची आहे. त्या जर्मन मिशनऱ्याने १८४८ साली विषुववृत्ताजवळ बर्फाचा डोंगर पाहिल्याचं कळवलं आणि युरोपातल्या विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. १९१२ साली या डोंगरावर जितका बर्फ पसरला होता त्यातला ८५ टक्के २००७ पर्यंत नाहीसा झाला होता, आणि घट चालूच आहे. मी त्या भिंतीसमोर उभी राहून रडले. दमामुळे असेल, आनंदाने असेल, मला सांगता येणार नाही. ज्याला शक्य आहे त्याने ती भिंत आहे तोवर जाऊन पाहावी.

आणि मग गाईड घड्याळ पाहून म्हणाला, चला.

इथून पुढचं नीट वाचा. स्टेलाहून खाली यायची वाट रात्री चढलेली नव्हे, तिच्या बाजूची. ती निव्वळ घसारा आहे: ज्वालामुखीची राख, बारीक खडी, मधे मधे मुठीएवढे सुटे दगड. रात्री हीच माती गोठून घट्ट असते, सकाळी ऊन लागलं की मोकळी होते. प्रत्येक पाऊल वीत-दोन वीत घसरतं आणि प्रत्येक घसरणीचा झटका मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. पुढचे-मागचे सगळे घसरत असतात, त्यामुळे धुळीचा लोट तोंडात, नाकात, डोळ्यांत. शून्याखालच्या थंडीसाठी चढवलेले कपड्यांचे चार-पाच थर आता अंगावर भाजायला लागतात आणि ते काढायला सपाट जागा नसते. आमच्या मैत्रिणीचा गुडघा या टप्प्यात गेला. दोन्ही बाजूंनी दोन गाईड तिचे दंड धरून तिला अक्षरशः घसरवत खाली घेऊन आले. पहाटे सगळ्यांच्या पुढे उहुरूवर पोचलेली बाई, सकाळी दहा वाजता एक पायरी उतरू शकत नव्हती.

बाराफूला वाटलं संपलं. सूप मिळालं, तंबूत तासभर पाठ टेकली. तेवढ्यात हाक आली: सामान आवरा, अजून पंधराशे मीटर उतरायचं आहे. बाराफूला राहता येत नाही, त्या रात्री चढणाऱ्यांना जागा हवी असते आणि तिथे पाणी नाही. पाण्याची शेवटची जागा करांगा. आपण बाराफूला पितो तो प्रत्येक थेंब पोर्टर करांगाहून डोक्यावर वाहून आणतात. तेव्हा उठावंच लागतं. पुढे सुट्या दगडांची लांबच लांब वाट, मग झुडपं, मग दगडांच्या उंच पायऱ्या, म्वेका कॅम्प येईपर्यंत. या पायऱ्यांनी मला मोडलं. उंची माणसाच्या पावलाला न जुळणारी, प्रत्येकीवर दोन्ही काठ्या आधी खाली टेकवून मग पाय सोडायचा, आणि हे तीन-चार तास. संध्याकाळी कॅम्पला पोचले तेव्हा बुटाच्या आत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती.

यावर करता येण्याजोगं बरंच आहे, फक्त आधी कळायला हवं. म्वेकाच्या वाटेवर ३,८०० मीटरच्या आसपास मिलेनियम कॅम्प आहे. गुडघे बोलायला लागले तर त्या रात्री तिथे थांबू, असं गाईडशी पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. ऐन वेळी सांगितलं तर स्वयंपाकी आणि तंबू पुढे निघून गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी मग जास्त उतरावं लागतं, पण रात्रभर झोप झालेली असते, आणि झोप झालेला गुडघा वेगळा असतो. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून शिखराच्या दिवसाचं वेळापत्रक तासांसकट लेखी मागा. दोन काठ्या न्या, एक नाही. उतरताना त्यांची लांबी वाढवा. गेटर, म्हणजे बुटात खडी जाऊ नये म्हणून घोट्याभोवती बांधायचं कापडी आवरण, बाराफूहून चढतानाच बांधा. नखं निघण्याआधी दोन दिवस बारीक कापा. बूट चढून पाहून घेऊ नका, उतरून पाहून घ्या: अंगठा पुढे टेकत असेल तर तो बूट बाद. तोंडाला बांधायला पातळ फडकं आणि गडद चष्मा स्टेलाला हाताशी हवा, सॅकच्या तळाशी नको.

आणि सराव उतरायचा करा. पुणेकरांसाठी याहून सोपं काही नाही. कात्रज ते सिंहगड रात्रीत करा, पावसाळा सरल्यावर, त्या टेकड्यांच्या उतारावरचा मुरूम सुटा झालेला असतो तेव्हा. पुढच्या वेळी आतकरवाडीतून सिंहगड सलग तीनदा, रात्री दहाला सुरू करून, पाठीवर आठ किलो घेऊन, आणि दर वेळी वर गाडीत न बसता पायी खाली या. मुंबईकरांना जिने आहेतच. वीस मजले चढायला लिफ्ट वापरा, उतरायला जिना. दोन महिने हे केलं तर मांड्या तयार होतात. जिममधली सायकल याच्या कामाची नाही.

दुसऱ्या दिवशी म्वेका गेटपर्यंत आणखी साडेचौदाशे मीटर. जंगल, लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या, ओला चिखल. इथे काळ्या-पांढऱ्या झुपकेदार शेपटीच्या कोलोबस माकडांचा कळप अगदी वाटेवर होता. गेट येतं १,६४० मीटरला. इतकं सगळं उतरून आम्ही कळसूबाईच्या उंचीवर पोचलो होतो.

आता पैसे. इथेही फसवणूक झाली, आणि तिचा राग अजून गेलेला नाही. आमच्या कंपनीच्या पत्रकात 'टिप ऐच्छिक' असं होतं. म्वेका कॅम्पला शेवटच्या संध्याकाळी हातात छापील कागद आला, मुख्य गाईडपासून पोर्टरपर्यंत प्रत्येकाचा रोजचा दर लिहिलेला. बेरीज माणशी तीनशे डॉलरच्या घरात. आमच्यापैकी दोघांकडे तेवढी रोकड नव्हती. पोर्टरवर चिडू नका, त्या टिपेवरच त्यांचं घर चालतं. चिडायचं तर ऐच्छिक शब्द छापणाऱ्या कंपनीवर चिडा. साधा हिशोब करून पाहा: आम्ही गेलो तेव्हा पार्कची फी दिवसाला ७० डॉलर, कॅम्पची रात्रीला ५०, बचाव पथकाची एकदाच २०, आणि या सगळ्यावर १८ टक्के कर. सात दिवसांचे माणशी साडेनऊशे डॉलर सरकारजमा होतात. मग कोणी बाराशे डॉलरमध्ये किलिमांजारो देतो म्हणाला तर उरलेल्या अडीचशेत तंबू, जेवण, गाडी, स्वयंपाकी, गाईड आणि माणशी तीन पोर्टर कुठून येतात? पोर्टरच्या पोटातून येतात. स्वस्त कंपनी घेऊ नका. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था मजुरी, जेवण आणि तंबू नीट देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते; त्यातलीच निवडा. पोर्टरला २० किलोपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही असा नियम आहे आणि गेटवर वजन होतं. तुमची बॅग हलकी ठेवा, तीन जीन्स कोणाच्या तरी मानेवर चढतात.

टिप देताना सगळ्यांना गोल उभं करून प्रत्येकाची रक्कम मोठ्याने सांगा आणि शक्यतो ज्याची त्याच्या हातात द्या. सगळी एका पाकिटात मुख्य गाईडकडे दिली तर खालपर्यंत किती पोचली ते कळत नाही. शिलिंगमध्ये दिली तर पोर्टरला बदलून घ्यायचा त्रास वाचतो. डॉलर नेणार असाल तर नव्या, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या छपाईच्या आणि दुमडलेल्या नोटा डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरातही कोणी घेत नाही.

आमचे बहुतेक पोर्टर चाग्गा होते, डोंगराच्या उतारावरच्या गावांतले. १८८९ साली हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा माथ्यावर गेले, तेव्हाही वाट दाखवायला आणि ओझी वाहायला याच उतारावरची माणसं होती. उतरल्यावर एक दिवस मोशीत नुसतं पडून राहण्यापेक्षा मातेरुनी गावात जा. चाग्गांच्या वाड्या कोकणातल्या कुळागरासारख्या आहेत: उंच झाडांखाली केळी, केळींखाली कॉफी, त्याखाली भाजी, आणि डोंगरातून खणून आणलेले पाण्याचे पाट. केळी आणि नाचणीपासून म्बेगे नावाची दारू आंबवतात, ती पाहुण्याला देतात. शाकाहारी लोकांची इथे अडचण होत नाही. डोंगरावर आम्हाला मक्याची पेज, भाताबरोबर भाजीचा रस्सा, चपात्या मिळाल्या. स्वयंपाक्याला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा की मासे आणि अंडी चालतात की नाही. लिंबाचं लोणचं आणि मेतकूट न्या. चार हजार मीटरनंतर भूक मरते, तेव्हा तोंडाला चव लोणच्यानेच येते.

सफारी आम्ही नंतर केली, गोरोंगोरो आणि सेरेंगेटी. छान झाली. गाडीत बसून असते, तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. गोरोंगोरोचं विवर १९ किलोमीटर रुंद, सहाशे मीटर खोल, तळाशी सिंह, रानम्हशी, हत्ती, नशीब असेल तर काळा गेंडा. जिराफ तळाशी दिसत नाहीत. विवरात उतरायची फी गाडीमागे असते, २५० डॉलर आणि वर कर, त्यामुळे दोघांनी जाण्यापेक्षा सहा जण जमवून जा. सेरेंगेटीची परवानगी नाबी हिल गेटवर तासाच्या हिशोबाने लागते. चोवीस तास उलटले की पुढच्या दिवसाचे पैसे, म्हणून ड्रायव्हर परतताना पळवतो. लोडुआरे गेटनंतर डांबर संपतं आणि कच्च्या रस्त्यावर तासन् तास हाडं खिळखिळी होतात. डोंगर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी या रस्त्यावर बसू नका, मधे एक दिवस ठेवा. नूंचा, म्हणजे वाइल्डबीस्टचा, लोंढा पाहायचा असेल तर महिना पाहून जा: जानेवारी-फेब्रुवारीत ते दक्षिणेला एन्डुटूच्या गवतात विणीसाठी असतात, जुलै ते सप्टेंबर उत्तरेला मारा नदीकडे. भलत्या महिन्यात भलत्या टोकाला हॉटेल घेणारे आम्हाला भेटले.

गोरोंगोरोच्या वाटेवर मसाई वस्तीला थांबवतात आणि गाडीमागे पन्नास डॉलर मागतात. आम्ही थांबलो. नाच झाला, मग मण्यांच्या माळांचा आग्रह सुरू झाला. मला ते आवडलं नाही, पण ज्यांनी मागितले त्यांना दोष देववत नाही. १९५९ साली सेरेंगेटीतून उठवून मसाईंना गोरोंगोरोत गुरांसकट राहायची मुभा दिली गेली, आणि २०२२ पासून तिथूनही त्यांना दूर म्सोमेराला हलवण्याचं सरकारचं काम चालू आहे. जनावरं पाहायला येणाऱ्या आपल्यासारख्यांना हे माहीत असावं.

कागदपत्रं: व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर परत येताना आपल्या विमानतळावर कार्ड मागतात. एकदा टोचली की जन्मभर चालते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भरा. डोंगरावर एकदा वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत.

तारखा: मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. जून ते ऑक्टोबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी पाहा. शिखराची रात्र पौर्णिमेच्या जवळ धरली तर हेडलॅम्प जवळजवळ लागत नाही, पण ऐन पौर्णिमेला बाराफूला तंबू ठोकायला जागा मिळत नाही इतकी गर्दी असते आणि त्या घसाऱ्यावर तेवढीच माणसं तुमच्या डोक्यावर दगड सोडत असतात. पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस धरा.